माळकोंडीत कोणी आजारी नाही

हे कोणी खरं मानणार नाही, पण दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत माळकोंडी गावात एकही माणूस आजारी पडला नाही. माणूस तर नाहीच, कुणाची म्हैस मेली नाही, शेळीला लागण झाली नाही, विहिरीवरची मोटर जळली नाही, भिंतीला भेग गेली नाही. जळकोटजवळ हायवे सोडून आत वळलं की बाभळींच्या पलीकडं दिसणारं हे एवढंसं गाव, पण सारा हिवाळा यमाला तिथं टेकायला जागा मिळाली नाही, असं धुळाप्पा परगावच्या माणसाला छातीवर हात ठेवून सांगायचा.

धुळाप्पाचं सगळंच बोलणं छातीवर हात ठेवून असायचं. जन्म मेंढ्या राखण्यात गेला. मेंढ्या विकून झाल्यावर महादेवाच्या देवळापुढच्या कट्ट्यावर बसून तो गोष्टी राखू लागला. आपल्या एका एडक्यानं लांडग्याला पाला खायला लावलं होतं, नळदुर्गच्या किल्ल्यातला धबधबा आपण एका उन्हाळ्यात घोंगडीत बांधून आणला होता, हे गावानं त्याच्याकडून कैकदा ऐकलं होतं. लोक चहा पाजून ऐकायचे आणि त्यातला एक शब्द खरा धरायचे नाहीत.

ही आजारी न पडण्याची गोष्ट मात्र सगळं गाव मिळून खरी करून दाखवत होतं. महारुद्र चिंचेवरून पडला, गुडघ्याखाली पाय मोडला. लोक बघायला आले तर तो ओसरीवर पाय लांब करून, मांडीवर पोथी घेऊन बसलेला. "अनुष्ठानाला बसलोय, उठता येत न्हाय," म्हणाला. अनुष्ठान काही सुटेना आणि पोथीचं पान काही उलटेना. गौरीशंकरची दुभती म्हैस मेली. त्यानं ती गोठ्यातच खड्डा खणून पुरली, वर रोज वैरण टाकत राहिला आणि शेजाऱ्यांना संशय नको म्हणून सांजेला स्वतःच हंबरायचा. हंबरायचा इतका हुबेहूब की खालच्या आळीतला रेडा दावं तोडून त्याच्या दारात येऊन उभा राहिला. धनाजीला थंडीताप भरला. तो भर उन्हात घोंगडी पांघरून कट्ट्यावर बसला, दातावर दात वाजत होते. विचारलं तर म्हणाला, "ठेका धरलाय, भजन बसवायलोय."

हे सांगताना धुळाप्पाला हसू यायचं. मग तो मध्येच थांबायचा, कारण त्याच्या शेजारच्या घरात कुणी हसत नव्हतं. ते घर त्याच्या चुलतभावाची विधवा, हरणाबाई हिचं. मधली भिंत एकच होती.

गाव असं धडधाकट व्हायला कारण घडलं ते मतदानाचं.

माळकोंडीनं दिल्लीसाठी मतं दिली होती, मुंबईसाठी दिली होती, झेडपीसाठीही दिली होती. बोटाला शाई लागण्याचं कुणाला अप्रूप राहिलं नव्हतं. पण खुद्द आपल्या गावासाठी मत द्यायची पाळी माळकोंडीवर कधी आलीच नव्हती. ग्रामपंचायत कायम बिनविरोध. अर्ज भरायच्या आधी देवळात बैठक व्हायची, कल्याणप्पा बोलायचा, लोक माना हलवायचे, नारळ फुटायचा. त्याच्या आधी त्याचा बाप बोलायचा. बिनविरोधचं सरकारी बक्षीससुद्धा मिळालं होतं, त्यातून बांधलेली कमान वेशीत उभी होती. देश मतं देऊन देऊन आजोबा झाला, माळकोंडी अजून पाळण्यातच होती.

कल्याणप्पा माणूस वाईट होता असं कुणी म्हणणार नाही. गावाचं दूध त्याच्या डेअरीवर जायचं, ऊस त्याच्या ट्रॅक्टरांनी जायचा. अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला जीप निघायची तीही त्याच्याच दारातून. हे सगळं तो मनापासून करायचा. फक्त करून विसरायचा नाही.

यंदा सरपंचाची जागा बायांसाठी राखीव निघाली. कल्याणप्पानं बायकोचं, चन्नम्माचं नाव पुढं केलं. तिला विचारलं का, असं कुणी विचारलं नाही. नारळ आणायला माणूस निघाला आणि तेवढ्यात बातमी आली की पिठाच्या गिरणीवाल्या शिवलीलानं अर्ज भरलाय. मागं घे म्हणून सांगायला तिच्याकडं माणसांवर माणसं गेली. ती गिरणीचा पट्टा चढवत म्हणायची, "आवाजात ऐकू येईना बगा. नंतर या." नंतर गेलं की पुन्हा गिरणी चालूच.

मग कल्याणप्पानं बेलभंडार उचलायला लावला. घरटी एका कर्त्या माणसानं देवळात यायचं, पिंडीवरचं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा तळहातावर घ्यायचा, दुसरा हात नंदीवर ठेवायचा आणि म्हणायचं, माझ्या घरची मतं चन्नम्माला. तो हळदीचा भंडारा घरी नेऊन बाईनं पदराच्या गाठीत बांधायचा. ज्या घरात पुरुष नाही तिथं बाईनंच उचलायचा. हरणाबाईनं असाच उचलला. तिचा मुलगा सिदू कल्याणप्पाच्याच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, बाराही महिने बाहेर. धुळाप्पानंही उचलला. एकटा जीव, त्याच्या घरची मतं म्हणजे तो आणि त्याची काठी.

मतदान झालं. मशीननं आपलं काम चोख केलं, म्हणजे कुणाचं मत कुणाला ते काही सांगितलं नाही. शिवलीला थोडक्यात निवडून आली. थोडक्यात का होईना, पण सगळ्या घरांनी भंडारा उचललेला असताना एवढी मतं आली कुठून, हे गणित गावापुढं येऊन बसलं. आपण कुणाला दिलं हे धुळाप्पानं पाच जणांना पाच तऱ्हेनं सांगितलं, त्यामुळं त्याचा प्रश्नच मिटला. बाकीच्यांचा मिटला नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी कल्याणप्पा देवळाच्या पायरीवर उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"म्या कुणाला काय इचारणार न्हाय," तो म्हणाला. "मशिनीत काय झालं ते मशिनीला ठावं. पर भंडारा काय मशिनीपुढं उचलला न्हवता. ज्यानं इमान मोडलं त्याला वरीसभरात देव दावील. त्याला दावला की आपल्याला बी कळंलच."

एवढंच बोलून तो घरी गेला. पुढं वरच्या आळीत एकाच्या कडब्याची गंजी जळाली. दुसऱ्या दिवशी डेअरीवर त्याचं दूध नासकं निघालं. तिसऱ्या दिवशीही निघालं. आता त्याची बायको चरवी डोक्यावर घेऊन जळकोटपर्यंत पायी जाते. तेव्हापासून गाव आजारी पडायचं थांबलं. ज्यांनी शपथ मोडली ते लपवू लागले, आणि ज्यांनी पाळली तेही लपवू लागले, कारण इमानदार माणसाचीही म्हैस मरते आणि ती का मेली हे म्हैस सांगत नाही. मशीननं झाकलेलं मत आता तापातून, मोडक्या हाडातून, पडक्या भिंतीतून बाहेर काढायचं चाललं होतं.

आणि शिवलीला सरपंच झाली म्हणजे एका खुर्चीत एकटी बसली. ग्रामसभा लावली तर शिपाई आणि फोटोतले पुढारी एवढेच हजर. तिच्याशी बोलताना दिसणं म्हणजे गंजी पेटण्यासारखंच. लोक तिला गाठायचे ते गिरणीत. पायली-दोन पायल्या जोंधळा घेऊन यायचे आणि गिरणीच्या घरघरीत तिच्या कानाशी तोंड नेऊन रस्त्याचं, नळाचं बोलायचे. बाहेर आलं की अंगावर पीठ, चेहऱ्यावर काही नाही.

शिवरात्र होऊन गेल्यावरच्या सोमवारी सकाळी तिनं धुळाप्पाला गिरणीत बोलावलं. पट्टा चालू ठेवला.

"मामा, दीपमाला कुठं हाय?"

दीपमाला म्हणजे हरणाबाईची सून. आठवा महिना लागलेली.

"माहेराला गेलीया म्हणं. तामलवाडीला."

"तुमची तर भिंतीला भिंत. गेलीया का?"

भिंतीपलीकडं रोज काचेच्या बांगड्या वाजत होत्या, आणि हरणाबाई विधवा होऊन वर्षं झाली होती.

"नर्सबाईंनी मागच्या खेपेला तपासलं तवाच तिचं बीपी चढलेलं," शिवलीला म्हणाली. "डोकं दुखायलंय, पाय सुजलेत. झटके आले तर ती बी जाईल आन लेकरू बी. दवाखान्यात चल म्हनलं तर हरणामावशीनं सांगितलं, बरी हाय ती, माहेराला धाडली. म्या काल गेले तर दार लावलं तोंडावर. म्या गेले तेच चुकलं. सरपंच कुणाच्या दारात थांबती ते बगायला माणसं बसलेलीच हायेत."

"म्या बगतो," धुळाप्पा म्हणाला.

हरणाबाई मागच्या दारी दगडावर लुगडं धूत होती. अंगावरचंच लुगडं, नुसतं पदराचं टोक हातात धरून साबणानं घासत होती. धुळाप्पाची चाहूल लागताच तिनं ते मुठीत घेतलं, पण टोकाला तांबडं तांबडं झालेलं त्याला दिसलं. कुंकू सांडलं असेल, त्याला वाटलं.

"सून कवा यायची म्हणं?" त्यानं विचारलं.

"येईल की. आईकडं हाय, काय घाई हाय."

आत बांगड्या वाजल्या.

"तामलवाडी लई जवळ आली म्हणायची," धुळाप्पा म्हणाला.

हरणाबाई हसली नाही. आडवीही आली नाही. तो आत गेला. दीपमाला भिंतीला टेकून बसली होती. चेहरा असा सुजलेला की हनुवटी कुठं संपते कळेना. कपाळभर भंडारा फासलेला. पायाची बोटं एकमेकांत मिसळून गेली होती.

"मामंजी," ती म्हणाली, "तुमी दोन दिसायलाव."

"एक म्हातारा गावाला सोसंना, त्यात आनिक एक."

ती हसली आणि लगेच दोन्ही हातांनी डोकं दाबून धरलं. धुळाप्पा बाहेर आला.

"हिला आत्ताच्या आत्ता न्ह्याला पायजे, हरणाबाई."

"न्हेऊन?" ती दगडाकडं बघत म्हणाली. "गाव म्हणंल, बगा, दावलं देवानं. सिदूचा ट्रॅक्टर जाईल. जाऊ द्या, ऊसतोडीला जाईल माझं लेकरू, त्याचं काय न्हाय. पर भावजी, म्या नंदीवर हात ठिवला होता. माझ्या घरची मतं म्हनलं होतं. देवानंच धरलं आसंल हिला तर डाक्टर कसा सोडवंल, सांगा की."

धुळाप्पाकडं जगातल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. लांडग्याला होतं, धबधब्याला होतं. याला त्याला सुचेना.

"कुणी मोडली शपथ? दीपमालानं?"

मुठीतल्या पदरातून पाणी गळत होतं.

"मत द्याया त्या पुठ्ठ्याच्या आड गेले म्या," हरणाबाई म्हणाली. "मागं वळून बगितलं. कुणीच बगत न्हवतं माझ्याकडं. आख्ख्या जन्मात पयल्यांदा कुणी बगत न्हवतं."

तिनं पदराचं टोक पुन्हा दगडावर घासायला घेतलं.

तो परत गिरणीत आला तेव्हा त्याच्या डोक्यात गोष्ट तयार झाली होती. आयुष्यभर तो खोटं बोलला ते चहासाठी. कामाला येईल असं खोटं त्यानं कधी रचलंच नव्हतं. त्यानं शिवलीलाच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं, शपथच खोटी पाडायची. भंडारा भंडारा नव्हताच, असं म्हणायचं.

शिवलीलानं गिरणी बंद केली. एकदम सगळं शांत झालं, पीठ तेवढं हवेत राहिलं.

"नको मामा. आज खोट्यानं सुटतील, उद्या दुसरं कुणी खोटं बोलंल आन परत बांधली जातील. लोकांनी म्हनलं पायजे, व्हय, दिलं आमच्या मनानं, काय करायचं ते करा."

"म्हनतील का?"

शिवलीलानं पट्ट्यावरचं पीठ झटकलं.

"तू नर्सबाईला सांगून सरकारी गाडी बोलीव," धुळाप्पा म्हणाला. "गल्लीत शिरायची न्हाय ती, देवळापुढंच थांबंल. समद्या गावादेखत चालत यावं लागंल त्या पोरीला. गाडी येईस्तोवर म्या गावाची नजर खाली पाडतो. तुझं बरोबर हाय, शिवलीला. पर आधी पोरगी गाडीत बसू दे, बरोबर मागनं करू."

सोमवार असल्यानं देवळापुढं माणसं होती. महारुद्राची ओसरी कट्ट्याला लागूनच, तो पाय लांब करून पोथीपुढं बसलेला. धनाजी घोंगडीत. गौरीशंकर डेअरीची रिकामी किटली मांडीवर घेऊन. कल्याणप्पा नुकताच अभिषेक करून कट्ट्यावर टेकला होता, कपाळाला ओलं भस्म. त्याचं घर समोरच, दारात चन्नम्मा तांदूळ निवडत होती.

"आता जे सांगणार हाय," धुळाप्पानं काठी टेकवली, "ते तुमी कुणी खरं मानणार न्हाय."

"न्हायच मानत. सांगा," गौरीशंकर म्हणाला.

"भंडारा उचलला त्या दिवशी सकाळी म्या कल्याणप्पा मालकाच्या परसात ताक मागाया गेलो होतो. चुलीपाशी दोन डबे. दोन्ही पितळंचे, दोन्हीला एकच झाकण बसावं आसे. एकात भंडारा, दुसऱ्यात डाळीचं पीठ. गडी आला वरडत, मालक देवळात वाट बगायलेत म्हणत. चन्नम्मावैनीनं उचलला डबा, दिला त्याच्या हातात." तो थांबला. "उचलला तो पिठाचा."

कल्याणप्पानं मान वळवली.

"आपुन समद्यांनी काय उचललं? बेसन. नंदीवर हात ठिवून बेसनाची शपथ घेतली आपुन. आन त्याच दुपारी मालकाच्या घरी भजी केली. कशाची? तर भंडाऱ्याची. घाणा काढला तर तेल सोन्यागत. मालकाचे दात आठ दिवस पिवळे होते, कुणी बगितलं न्हाय का?"

सगळ्यांनी कल्याणप्पाच्या तोंडाकडं पाहिलं. त्याचे दात तंबाखूनं जन्माचे पिवळे होते. त्यानं तोंड मिटलं.

"तवाच का सांगितलं न्हाय?" घोंगडीतून धनाजीनं विचारलं.

"तवा सांगितलं आसतं तर खरं मानलं आसतं का तुमी?"

धनाजीनं घोंगडी पुन्हा अंगाभोवती ओढून घेतली.

"बेसनाच्या शपथंला देव कशाला यील? तसं आसंल तर झुणका खाताना रोज इमान मोडायलाव आपुन."

महारुद्रानं पोथी मिटली. "मग माझा पाय कशानं मोडला?"

"चिंचंवरनं पडलास म्हणून."

महारुद्रानं जरा विचार केला. "तसंच आसंल," तो म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, पाय दोन्ही हातांनी धरून, मोकळेपणानं कण्हला. ते ऐकून धनाजीला खोकला आला. खोकला त्यानं दाबला नाही. मग पलीकडच्या म्हाताऱ्याला आला, मग नळावरच्या बाईला. कट्टाभर खोकला पसरला. कुणी कंबर धरली, कुणी पाठ चोळली. गौरीशंकर किटलीकडं बघत म्हणाला, "म्हैस मेली माझी," आणि रडायला लागला, आणि कुणी त्याला तू मत कुणाला दिलंस असं विचारलं नाही.

धुळाप्पा हे बघत होता. साऱ्या जन्मात त्याचं खोटं लोकांनी असं पाण्यासारखं प्यायलं नव्हतं. त्याला वाटलं होतं मजा येईल. ती आली नाही. एवढी तहान लागली होती ह्यांना, आणि आपण काय पाजलं.

कल्याणप्पा उठला. सावकाश, घराकडं तोंड करून.

"चन्नम्मा, हिकडं ये. ह्यो म्हातारा काय म्हणायलाय ऐकलंस न्हवं. समद्यांदेखत सांग, डबा कुठला दिलास."

खोकला थांबला. चन्नम्मा सूप बाजूला ठेवून उंबऱ्याच्या बाहेर आली. साऱ्या निवडणुकीत तिचा फोटो गावभर लागला होता आणि आवाज कुणी ऐकला नव्हता. धुळाप्पानं छातीवर हात ठेवला, पण तो सवयीनं नव्हता ठेवला.

तेवढ्यात वेशीतून पांढरी गाडी आली, बिनविरोधच्या कमानीखालून, आणि देवळापुढं थांबली. आणि हरणाबाईच्या गल्लीतून दीपमाला आली. एका बाजूनं शिवलीला, एका बाजूनं हरणाबाई, मध्ये ती. पायात चप्पल जात नव्हती म्हणून अनवाणी. गल्लीच्या तोंडाशी येऊन ती थांबली, डोळ्यांपुढं हात हलवून बघितलं, आणि म्हणाली, "आत्या, मला काय दिसंना झालंय." हरणाबाईनं तिला पुढं ढकललं नाही, ओढलं नाही, खांद्यावर घेतल्यासारखी चालवत राहिली. गावानं वाट दिली.

चन्नम्मा त्या पायांकडं बघत होती. तिला तीन लेकरं झाली होती, त्यातलं एक राहिलं होतं.

"सांग की," कल्याणप्पा म्हणाला.

मनातलं बोलायचं झालं की चन्नम्माची सुरुवात कानडीतून व्हायची. "हौदु," ती म्हणाली. मग मराठीत म्हणाली, "व्हय. चुकला डबा. माझ्याच हातनं."

कल्याणप्पानं तिच्याकडं असं पाहिलं की जणू मतदानाचा निकाल त्याला आत्ता लागत होता. मग परत कट्ट्यावर बसला. बसताना त्यानं गुडघा धरला. तोही दुखत असावा.

नर्सबाईनं दीपमालाला आत आडवी केली, दंडाला पट्टा बांधला, आकडा बघून ड्रायव्हरला काहीतरी म्हणाली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. शिवलीला आत चढून दीपमालाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. हरणाबाईनं पायरीवर पाय ठेवला.

धुळाप्पा काठी टेकत पुढं झाला. त्याचा आवाज कधी नव्हे तो मऊ होता.

"ऐकलंस न्हवं, हरणाबाई? बिनघोर जा. वैनीनं बी सांगितलं. बेसन होतं ते. देवाचा ह्याच्याशी काय संबंध न्हाय."

हरणाबाईचा पाय पायरीवर तसाच राहिला. तिनं चन्नम्माकडं पाहिलं, मग कट्ट्याकडं, महारुद्राच्या पायाकडं, गौरीशंकरच्या किटलीकडं. एवढी सगळी माणसं तिच्याकडं बघत होती. तिनं कमरेला खोचलेलं पदराचं टोक काढलं आणि गाठ सोडून पसरून धरलं. टोक अजून ओलं होतं. मधोमध लाल डाग, भोवती पिवळी कड. नळावरच्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. त्यांना सांगावं लागलं नाही.

"बेसन धुतल्यावर जातंय," हरणाबाई म्हणाली. "ह्याला म्या साबण लावला तर लाल झालं. हळद हाय ही. शपथ सुटती का बगत हुते धुऊन. दगडावर घासलं, राखंनं घासलं. जात न्हाय."

तिनं पदराचं टोक कट्ट्याकडं वळवलं.

"भंडारा खरा होता. म्या उचलला. आन आत जाऊन मत दिलं ते बी म्याच, माझ्या मनानं. सुनेनं न्हाय. देवाला राग आला आसंल तर त्यानं माझ्याकडं यावं, म्या दवाखान्याच्या दारातच बसलेली आसंन."

तिनं पदर खोचला, गाडीत चढली आणि दार ओढून घ्यायच्या आधी, कट्ट्यावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"भावजी, तुमी खोटं बोलायलाव."